वाट, वहिवाट आणि परवाना : हेगच्या न्यायालयापुढे आलेले काही मराठी शब्द

शेजारच्या देशात जाण्यासाठी कोणता कागद लागतो, हा प्रश्न सामान्यतः व्यवहाराचा मानला जातो. पारपत्र, व्हिसा, शुल्क आणि मुदत यांची यादी मिळाली की त्याचे उत्तर मिळाले, असा समज असतो. परंतु या यादीच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. परक्या भूमीवर पाऊल टाकणे हा प्रवाशाचा हक्क आहे, दीर्घकाळ चालत आलेली वहिवाट आहे, की यजमान राज्याने दिलेली आणि त्याला वाटेल तेव्हा मागे घेता येणारी परवानगी आहे? हा प्रश्न अत्यंत स्पष्टपणे ज्या खटल्यात उपस्थित झाला, त्याच्या निर्णयात मराठी दप्तरातील दोन-तीन शब्दांच्या अर्थाला मोठे महत्त्व आले होते. प्रस्तुत लेखात त्या खटल्याचा आणि त्या शब्दांचा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दांकडेच वळू. प्रवासाच्या कागदांसाठी मराठीने निरनिराळ्या काळी निरनिराळे शब्द वापरले. 'दस्तक' आणि 'परवाना' हे दोन्ही फारसीतून आले. पहिल्याच्या मुळाशी 'दस्त' म्हणजे हात आहे. दुसऱ्याचा मूळ रोख आज्ञापत्राकडे आहे. 'रहदारी' या शब्दाचा प्रवास तर विशेष उद्बोधक होय. फारसी 'राहदार' म्हणजे वाटेचा रखवालदार, आणि 'राहदारी' म्हणजे त्याने वाटेवर घ्यावयाचा कर. आज आपण रस्त्यावरील ये-जा या अर्थाने तो शब्द वापरतो. कर गेला, रखवालदार गेला, उरली ती केवळ वर्दळ. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हिंदी महासागरातील जहाजांवर लादलेला 'कार्ताझ' हाही असाच एक परवाना होता. त्याचे मूळ अरबी 'किर्तास', म्हणजे कागद, या शब्दात सांगितले जाते. 'व्हिसा' हा शब्द लॅटिनमधील 'पाहिलेला' या अर्थाच्या धातुसाधितापासून आला. अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि तसा शेरा मारला, एवढाच त्याचा मूळ आशय. जुन्या मराठी कागदांवरील 'रुजू' या शेऱ्याशी त्याची तुलना करण्याजोगी आहे. 'पारपत्र' हा शब्द मात्र अर्वाचीन घडणीचा आहे, आणि 'पारपत्य' या जुन्या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य असले तरी अर्थसंबंध काहीच नाही.

या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, असे नाते त्यांत गृहीत धरलेले आहे. 'वहिवाट' हा शब्द या कुळातला नव्हे. वहिवाट कोणी देत नाही, ती पडते. जतसारख्या कोरडवाहू तालुक्यात हा भेद कोणा शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले की आतल्या तुकड्याला रस्ता राहत नाही, आणि शेजाऱ्याच्या बांधावरून गाडी नेण्याचा वाद तहसीलदारापुढे जातो. मुंबई इलाख्याचा १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम १४३ या वादांसाठी आजही उपयोगात येतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंडपणे आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर हक्क प्राप्त होतो. येथे 'हक्क म्हणून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दर वेळी शेजाऱ्याची परवानगी मागून जो त्या वाटेने गेला, त्याला वीस काय, पन्नास वर्षांनंतरही हक्क मिळत नाही. परवानगी ही वहिवाटीला मारक असते, हे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे; कारण हेगच्या न्यायालयातही निर्णय याच तत्त्वावर येऊन ठेपला.

आता खटल्याकडे वळू. दमणजवळ, परंतु समुद्रकिनाऱ्यापासून आत, दादरा आणि नगर हवेली हे दोन प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. चहूबाजूंनी ते भारतीय भूमीने वेढलेले असल्याने दमणहून तेथे जाण्यास भारतातूनच जावे लागे. जुलै १९५४ मध्ये राष्ट्रवादी कार्यकर्त्यांनी प्रथम दादरा मुक्त केले. दमणच्या गव्हर्नराला दादऱ्यास जाऊन परतण्यासाठी भारताने २१ जुलै १९५४ पर्यंत व्हिसा दिलेला होता. त्यानंतर मात्र भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे जाणे-येणे थांबविले. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज दाखल केला. आपल्या प्रदेशांकडे भारतातून जाण्याचा आपणास हक्क असून भारताने तो हिरावून घेतला आहे, असे त्याचे म्हणणे होते. खटल्याचे नावच 'भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क' असे पडले. त्यात न्या. मो. क. छागला हे भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते. अंतिम निर्णय १२ एप्रिल १९६० रोजी लागला.

पोर्तुगालच्या युक्तिवादाचा पहिला आधार होता तो मराठ्यांशी १७७९ मध्ये झालेला पुण्याचा तह आणि त्यानुसार १७८३ व १७८५ मध्ये मिळालेल्या सनदा. तहाच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या बाजूस वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगिजांना लावून देण्याचे ठरले होते. पोर्तुगालचे म्हणणे असे की या गावांचे सार्वभौमत्वच आपणास मिळाले, आणि सार्वभौमत्व मिळाले म्हणजे तेथवर जाण्याची वाटही ओघाने मिळाली. भारताचे म्हणणे असे की जे मिळाले ते सार्वभौमत्व नव्हे; ती केवळ जहागीर अथवा सरंजाम होती.

सतराव्या कलमाचे परस्परांशी न जुळणारे अनेक पाठ आणि अनुवाद न्यायालयापुढे मांडण्यात आले होते. येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने क्षणभर थांबले पाहिजे. 'जहागीर' हा फारसी समास 'जागा धरणे' असा अर्थ दर्शवितो. केवळ व्युत्पत्तीवर विसंबणाऱ्यास जागा धरणारा तो जागेचा धनी असे वाटण्याचा संभव आहे. परंतु राज्यव्यवहारात या शब्दाचा अर्थ मुलखाच्या वसुलावरील हक्क असा रूढ झाला होता. 'सरंजाम' म्हणजे मूळचे सिद्धता, साहित्य. पुढे फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला महसूल. दोहोंतही वसूल देता येतो, राज्य देता येत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या मुळावरून नव्हे तर त्याच्या प्रयोगावरून ठरवावा, हे अर्थविचाराचे प्राथमिक सूत्र येथे न्यायाच्या कामी आले.

जतचा इतिहास या सूत्राचे उत्तम उदाहरण आहे. डफळे घराण्याला जतची जहागीर आदिलशाहीच्या अखेरच्या काळात मिळाली. पुढे ती मराठी राज्यात राहिली, सातारच्या जहागीरदारांत गणली गेली, इंग्रजांच्या देखरेखीखाली आली आणि अखेर १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली. वर सत्ता बदलत गेली तरी जहागीरदार तोच राहिला. याचाच अर्थ असा की जहागीर आणि सार्वभौमत्व या भिन्न वस्तू होत्या. विजापूर पडल्यावर जत स्वतंत्र राज्य झाले नाही. त्याचा वरिष्ठ धनी तेवढा बदलला.

न्यायालयाने या मुद्द्यावर भारताचे म्हणणे मान्य केले. जेथे मराठ्यांना मुलूख सार्वभौमत्वासह द्यावयाचा असे तेथे ते तसे स्पष्ट शब्द योजीत, याची उदाहरणे पुराव्यात होती. उलट, जहागीर वा सरंजाम देणे म्हणजे मुलूख सोडून देणे, असा अर्थ केल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही. तह व सनदांनी पोर्तुगिजांना दिले ते बारा हजारांचे महसुली उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, असा निष्कर्ष निघाला.

येथे खटला संपला असता तर शब्दार्थाचा तो संपूर्ण विजय ठरला असता. परंतु तसे झाले नाही. इंग्रज या भागाचे सत्ताधीश झाले तेव्हा त्यांनी पोर्तुगीज ताबा प्रत्यक्षात मान्य केला, आणि पुढे भारतानेही तो गर्भितपणे स्वीकारला, असे न्यायालयास आढळले. म्हणजे सनदेने जे दिले नव्हते ते काळाने आणि मौनाने दिले. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळात प्रत्यक्ष वहिवाट काय होती, हा प्रश्न मग निर्णायक ठरला.

या वहिवाटीचे न्यायालयाने दोन भाग केले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांची ये-जा सतत व एकसारखी चालू होती. तिच्यासाठी प्रत्येक वेळी विशेष परवानगी मागावी लागत नसे. म्हणून त्यांच्यापुरता हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांची गोष्ट वेगळी होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहापासून त्यांच्या प्रवेशासाठी दुसऱ्या पक्षाची संमती लागत असे. जेथे परवानगी मागितली जाते तेथे हक्क उत्पन्न होत नाही. म्हणून त्यांच्यापुरता हक्क आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. बांधावरच्या वाटेचा न्याय दोन राष्ट्रांना लागू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरा प्रश्न अधिक नाजूक होता. खाजगी व्यक्ती व मुलकी अधिकारी यांना हक्क होता, तर भारताने त्यांना अडविले हे चुकीचे नव्हे काय? न्यायालयाने नऊ विरुद्ध सहा मतांनी उत्तर दिले की नव्हे. हा हक्क पहिल्यापासूनच भूमीच्या सार्वभौम सत्तेच्या नियमनाला आणि नियंत्रणाला अधीन होता, आणि जुलै १९५४ मधील तणाव लक्षात घेता वाट थांबविणे हा त्या नियंत्रणाचाच भाग होता. दादरा व नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात समाविष्ट झाली, गोवा, दमण व दीव १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले, आणि वाटेचा प्रश्नच उरला नाही. निर्णयातील तत्त्व मात्र उरले आहे.

त्या तत्त्वाच्या प्रकाशात आजचे नियम वाचले तर ते अधिक सुसंगत दिसू लागतात. नेपाळात जाण्यास भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० च्या मैत्री-तहाच्या सातव्या कलमाने उभय देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीत राहण्याची व फिरण्याची सवलत मान्य केली आहे. हा तहाने आलेला हक्क होय. तरीही विमानाने जाणाऱ्याला पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे लागते; म्हणजे नियमन सुटलेले नाही. भूतानमध्येही भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो, आणि २०२२ पासून पर्यटकांना दर रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क आहे. पाकिस्तानच्या बाबतीत १९४८ मध्ये परवाना पद्धती आली आणि ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा सुरू झाले. फाळणीनंतर तिकडे जाऊन परतलेल्यांचे नागरिकत्व आपल्या संविधानाच्या सातव्या अनुच्छेदात 'पुनर्वसनासाठी किंवा कायमचे परतण्यासाठी' मिळालेल्या परवान्यावर अवलंबून ठेवलेले आहे. एका कागदावर माणसाचे राष्ट्रीयत्व ठरावे, इतके वजन या शब्दाला तेथे आले.

येथे आणखी एक विषमता नमूद केली पाहिजे. आपला देश सोडून जाण्याचे स्वातंत्र्य हा मूलभूत हक्काचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सांगितले. पहिल्या निर्णयानंतरच १९६७ चा पारपत्र अधिनियम झाला. परंतु बाहेर पडण्याच्या हक्कातून दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क निष्पन्न होत नाही. भारतात येणाऱ्यांविषयीचे १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे रद्द करून त्यांच्या जागी २०२५ चा स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम आला. त्यातही प्रवेश ही राज्याने द्यावयाची अनुमतीच राहिली आहे. पारपत्र आपल्या राज्याकडे मागता येते. व्हिसा मात्र परक्या राज्याकडे मागावाच लागतो, आणि जे मागावे लागते ते नाकारलेही जाऊ शकते.

जतहून अथणी किंवा विजापूरकडे निघालेल्या माणसाला आज राज्याची सीमा ओलांडताना कोणताही कागद दाखवावा लागत नाही, कारण संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भारतभर मुक्त संचाराचा हक्क दिलेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील गावांवर कर्नाटकाने हक्क सांगितल्यावर जो वाद झाला, तोही गावे कोणत्या राज्यात असावीत याविषयी होता. लोकांनी ये-जा करावी की नाही, याविषयी नव्हे. हा फरक लहान नाही.

हेगच्या निर्णयापासून मराठीच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा की आपल्या दप्तरांतील शब्दांचे अर्थ निश्चित करण्याचे काम केवळ कोशकाराच्या समाधानासाठी नाही. 'जहागीर' या एका शब्दाचे भाषांतर 'मुलूख सोडून देणे' असे झाले असते, तर तहाच्या आधारावरच पोर्तुगालचा दावा उभा राहिला असता. आपल्याकडील अनेक सनदा, तहनामे आणि परवाने अद्याप मोडी लिपीतच आहेत. त्यांचे वाचन करताना 'दिले', 'करार करून दिले', 'दुमाला केले' यांसारख्या क्रियापदांचा प्रयोग काळ आणि प्रसंग यांनुसार तपासून पाहणे, हे पदव्युत्तर संशोधनासाठी पुरेसे व्यापक आणि पुरेसे निकडीचे कार्य आहे.