आधी शेरा, मग आजाराचे नाव

युद्धावरून परतलेला जवान रात्री दचकून उठतो, दारूला लागतो, हुकूम मोडतो, न सांगता निघून जातो. अमेरिकेच्या लष्कराने अशा कित्येकांना ‘सेवा सन्माननीय नाही’ असा शेरा मारून घरी पाठवले. परिचारिका म्हणून आम्हाला यात बेशिस्तीआधी आजाराची लक्षणे दिसतात.

व्हिएतनाम युद्ध १९७५ मध्ये संपले. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी या आघाताला ‘पीटीएसडी’ हे नाव दिले १९८० मध्ये. म्हणजे शिक्षा आधी, निदान नंतर. आणि त्या शेऱ्यामुळे माजी सैनिकांना मिळणारे सरकारी उपचारही अडू शकतात.

पण शेरा बदलून मागता येतो. लष्कर सोडून १५ वर्षे झाली नसतील तर आढावा मंडळाकडे अर्ज करायचा. त्यानंतर, किंवा जनरल कोर्ट मार्शल झाले असेल तर, नोंद-दुरुस्ती मंडळाकडे. पीटीएसडी असलेल्यांचे अर्ज उदारपणे तपासा, असे संरक्षणमंत्र्यांनी २०१४ मध्ये नोंद-दुरुस्ती मंडळांना कळवले. २०१७ मध्ये मेंदूची इजा, इतर मानसिक आजार आणि लैंगिक अत्याचार यांबाबतही तसेच स्पष्ट करण्यात आले.

अर्जाला डॉक्टरांचे कागद, घरच्यांची लेखी साक्ष आणि स्वतःचे निवेदन जोडायचे. आजारामुळेच ती चूक घडली, हे दाखवायचे. प्रत्येक अर्ज मंजूर होतोच असे नाही.

म्हणून आम्ही सांगतो, घरात कुणाचे वागणे एकदम बदलले तर बोल लावण्याआधी दवाखान्यात न्या. आणि केसपेपर फेकू नका.