वेड पांघरून पेडगावला

'छावा' हा चित्रपट आम्ही सर्वांनी एकत्र पाहिला. तो संपल्यावर सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पेडगाव आपल्याच तालुक्यात आहे. तिथे एकदा उभे राहायचे आहे मला." वय ८१, गुडघे दुखरे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. नाही म्हणणे सोपे होते. पण अशा इच्छा पुढे ढकलल्या की कायमच्याच राहून जातात. आम्ही डिसेंबरातील एक सकाळ निवडली.

श्रीगोंदा तालुक्यातील पेडगाव भीमेच्या काठी वसले आहे. येथील बहादूरगड, म्हणजे आजचा धर्मवीरगड, हा भुईकोट असल्याने डोंगर चढावा लागत नाही. ज्येष्ठांसाठी हा मोठा दिलासा. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे कैद झालेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना येथेच औरंगजेबासमोर आणण्यात आले. त्यापूर्वी १६७४ मध्ये मराठ्यांच्या एका तुकडीने हुलकावणी देऊन बहादूरखानाला छावणीबाहेर ओढले आणि दुसरीने मागे राहिलेली छावणी लुटली. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण याच प्रसंगाशी जोडली जाते.

वाट सपाट असली तरी ओबडधोबड होती. नानांच्या हाती काठी, पायांत घट्ट बसणारे बूट. लक्ष्मीनारायण मंदिराचे कोरीव खांब पाहताना त्यांचा श्वास जड झालेला दिसला. "दमलात का?" असे विचारताच उत्तर आले, "छे! मला काय झाले आहे?" वडीलधाऱ्यांना थकवा कबूल करणे कमीपणाचे वाटते. शिवाय वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी मागितले जात नाही. काही औषधांनी लघवीचे प्रमाण वाढते. प्रवासात अडचण नको म्हणून अनेक जण पाणीच टाळतात. बसल्यावर झटकन उठले तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते.

म्हणून मी प्रश्न विचारणे सोडले. "नाना, माझेच पाय भरून आलेत, बसू या जरा," असे म्हणत घडीची खुर्ची उघडली. दर अर्ध्या तासाने मी पाणी प्यायले आणि त्यांनाही दिले. (हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे.) गोळ्या, जेवणाची वेळ आणि स्वच्छतागृहाची सोय घरूनच ठरवली होती. उठताना त्यांना क्षणभर खुर्चीच्या कडेला बसवले. चार मंदिरे पाहायची राहिली. त्याची खंत कोणालाच वाटली नाही.

शेवटी तटाजवळून भीमेचे पात्र पाहत नाना शांत उभे राहिले, हात जोडून. परतताना हसून म्हणाले, "सूनबाई, तुझे पाय काही दुखत नव्हते. वेड पांघरून पेडगावला आलीस होय!"

मी काही बोलले नाही. त्यांनी मात्र स्वतःहून पाण्याची बाटली मागितली.