तुरुंगाच्या भिंतींवर मारिओ

मुंबईतल्या कुलाब्याच्या कॅफे माँडेगारमधली व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची भिंतभर चित्रं आठवतात? ती गजबजलेली, बोलघेवडी माणसं एका तुरुंगात भेटतील, असं सांगितलं तर?

पणजीसमोर, मांडवीच्या पैलतीरावर रेइश मागूशचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १५५१ मध्ये बांधला आणि १७०७ मध्ये नव्याने उभारला. जागेची निवड तर पाहा! इथे नदीचं पात्र अरुंद होतं. समुद्रातून आत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला किल्ल्यावरच्या तोफांच्या तोंडासमोरूनच जावं लागे.

आता भिंतीजवळ या. हा जांभा, कोकणातल्या घराघरांतला चिरा. तो बनतो कसा? लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका विरघळवून नेली. चाळणीत कोंडा राहावा तसं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तांबडा रंग त्या लोहाच्या गंजाचा! खरं नवल पुढेच आहे. खाणीत हा दगड इतका मऊ असतो की हातातल्या हत्याराने सहज तासता येतो. बाहेर काढून वाऱ्याउन्हात ठेवला की तो टणक होत जातो. घडवणाऱ्याला मऊ आणि वैऱ्याला कठीण! असा आज्ञाधारक दगड आणखी कुठे मिळेल?

त्याची खोड एकच, तो पाणी पितो. म्हणून गोव्याच्या पावसात गिलावा आणि छप्पर टिकलं, तरच भिंत टिकते.

जाड भिंती, उंच जागा, मोजकी दारं. शत्रूला बाहेर ठेवायला जे लागतं, नेमकं तेच कैद्याला आत ठेवायलाही लागतं. म्हणून किल्ल्याचा तुरुंग झाला आणि तो १९९३ पर्यंत चालला. कैदी गेले, वापर थांबला आणि पडझड वाढली. मग गोवा सरकार, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट एकत्र आले. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी ही वास्तू पुन्हा उभी केली आणि २०१२ मध्ये ती सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांसाठी खुली झाली.

केवढी ही उलथापालथ! ज्या भिंतींनी आधी बाहेरच्यांना अडवलं, मग आतल्यांना कोंडलं, त्याच आता मारिओंची चित्रं अंगावर घेऊन सगळ्यांना आत बोलावतात. दगड तोच आहे, बदलला तो फक्त माणसांचा विचार.

पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरा, तिथून किल्ला जवळच आहे. आधी तटावरून नदी पाहा, मग चिऱ्यावर हात फिरवा आणि त्यानंतरच चित्रांकडे वळा. एवढ्या शतकांची करामत त्या क्रमाने उलगडत जाते.