गरोदर सुनेची साखर अन् नर्सबाईचे दोन तास

शेतकरी बंधूंनो, पेरणीआधी आपण सोयाबीनची उगवणशक्ती बघतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो अन् किती उगवले ते मोजतो. दाणा वरून कितीही टपोरा दिसला तरी आतले काही कळत नाही. घरातल्या गरोदर सुनेसाठी, लेकीसाठीही अशीच एक साधी तपासणी आहे. तिला दोन तास लागतात, अन् नेमके तेच दोन तास आपल्याकडे मिळत नाहीत.

गरोदरपणात काही बायांच्या रक्तात साखर वाढते. ती दुखत नाही की खुपत नाही. म्हणून घरचे म्हणतात, “तिले काय झालं? चांगली तर हाये!” आधी शुगर नसलेल्या बाईलाही हा मधुमेह होतो. वार बाळाला पोसते, तशीच ती आईच्या इन्सुलिनला अडवणारे रसही सोडते. ज्या बाईचे शरीर त्याला पुरे पडत नाही, तिची साखर चढते. ही जादा साखर बाळाकडे जाते. युरिया जास्त पडला की पऱ्हाटी नुसती माजते, तसे बाळ चरबीने वाढते. मग बाळंतपणात खांदे अडकतात, आईचे बीपी चढते. कधी बाळ पोटातच दगावते.

१९९० च्या दशकात गावात दाई अन् उपकेंद्रावर नर्सबाई असे. वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन एवढ्यावर काम चाले. २०१४ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने प्रत्येक गरोदर बाईची साखर तपासण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१८ साली त्यात सुधारणा झाली. तपासणीची ही सोपी रीत मांडली ती चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी. उपाशी यावे लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. दूरच्या पाड्यावरची बाई भाकर खाऊन आली तरी चालते. नर्सबाई ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून देते. बाईने ते पाच-दहा मिनिटांत प्यायचे अन् बसायचे. दोन तासांनी रक्ताचा थेंब तपासतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर तो गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात.

तपासणी एकदा नाव नोंदवताना अन् पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात. पहिली चांगली आली म्हणून दुसरी चुकवू नका. वार मोठी होते तशी साखर पुढेच चढते.

कोणी म्हणेल, आमची सून बारीक, निंदणाला जाणारी, तिला कुठली शुगर? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा अभ्यास केला. त्या बायांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कमी, हातपाय काटक्यांसारखे, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. म्हणजे बारीक दिसण्यावर जाऊ नका.

साखर निघाली तर घाबरायचे कारण नाही. पहिले दोन आठवडे फक्त आहार सांभाळायचा. “दोन जिवांची आहे, दोघांचं खा” हे सोडा, पण उपाशीही ठेवू नका. थोडे-थोडे, वेळेवर. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे चांगले. साखरेचा चहा, डोहाळजेवणाचे गोडधोड, उपासाचा साबुदाणा टाळा. गूळही साखरच. आपले संत्रे सोलून खावे, रस काढून नाही. रोज चालणे ठेवावे. नंतर जेवणावर दोन तासांनी आकडा १२० च्या आत आला तर हेच पुढे चालू ठेवायचे. नाही आला तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात. “सुई लागली की जन्माची” हा गैरसमज आहे. वार पडली की बहुतेक बायांची साखर उतरते. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली डबीत घालून गार माठात ठेवा. अकोल्याचा मे महिना तिला सोसत नाही.

इन्सुलिनवरच्या बाईचे बाळंतपण घरी करू नका. अमरावतीचे डफरीन की अकोल्याचे लेडी हार्डिंग, हे नवव्या महिन्याआधीच ठरवा. १०२ किंवा १०८ ची गाडी बोलवायची कोणी, तेही ठरवा.

बाळ जन्मल्यावरचा पहिला तास मोलाचा. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे इन्सुलिन जोरातच असते. बाळाची साखर घसरते, ते थरथरते नाही तर मलूल पडते. म्हणून नर्सबाई लगेच अंगावर पाजायला लावते. तिथे आजीबाईंनी मध, गुटी, साखरपाणी मध्ये आणू नये. चिकाचे दूधच औषध.

दीड महिन्याने बाळाला लस टोचायला नेता, त्याच दिवशी आईचीही साखर तपासून घ्या. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका असतो.

आता सरपंच मंडळींना. उपकेंद्रावर दोन तास बसायला सावली, बाक अन् प्यायला पाणी आहे का, ते बघा. ग्लुकोज अन् तपासणीच्या पट्ट्या संपल्या असतील तर गाव आरोग्य समितीत विषय घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्याची दवंडी द्या. अन् शेतमालकांनो, त्या दिवशी कापूस वेचणाऱ्या गरोदर बाईची अर्धी मजुरी कापू नका. नर्सबाई आकडा काढून देईल. पण मजुरी बुडते म्हणून बाई अर्ध्यातून उठून गेली, तर तो आकडा निघणारच नाही.