दोन नाक्यांमधलं लरेडो

मेक्सिकोतल्या माँतेरे शहरातून मोटारींच्या सुट्या भागांनी भरलेला एक ट्रेलर निघालाय, असं समजा. जायचंय डेट्रॉइटला. सव्वादोनशे किलोमीटर धावून तो सीमेवरच्या न्वेवो लरेडोत पोहोचतो आणि तिथे त्याचा ट्रक त्याला सोडून देतो. मग येतो दुसरा ट्रक, बहुधा जुना, बरीच वर्षं खाल्लेला. याचं काम एकच: ट्रेलर पुलावरून पलीकडे, टेक्ससमधल्या लरेडोत नेऊन टाकायचा आणि माघारी फिरायचं. पलीकडच्या यार्डात तिसरा ट्रक उभा असतो. पुढचे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर त्याचे.

माल तोच, ट्रेलर तोच, ट्रक मात्र तीन. अमेरिकेत आतवर माल नेण्याचा परवाना मोजक्याच मेक्सिकन कंपन्यांकडे आहे. अमेरिकन ट्रकवालेही मेक्सिकोत शिरायला सहसा राजी नसतात. म्हणून मधल्या त्या चिमुकल्या फेरीसाठी ड्रायव्हर-मालकांची एक वेगळी जमातच तयार झाली आहे. उलट दिशेची तऱ्हा आणखी गमतीची. दक्षिणेकडे जाणारा माल लरेडोच्या गोदामांत उतरवून, खोकी उघडून, मोजून पाहतात. कारण कागदावरचा आकडा चुकला तर मेक्सिकोतला कस्टम एजंट स्वतः अडकतो. एवढं करून पुलापार गेलं, की मेक्सिकन कस्टमची यंत्रणा तुम्हाला तपासणीला पाठवायचं की सोडायचं ते ठरवते. बरीच वर्षं हे काम खरोखरच्या दिव्यांवर चालायचं. हिरवा लागला तर निघा, लाल लागला तर गाडी बाजूला घ्या.

मुलुंडच्या जकात नाक्यावरची ट्रकची रांग आठवत असेल, तर त्या रांगेभोवती अख्खं शहर वाढलंय अशी कल्पना करा. वस्ती अडीच लाखांच्या आसपास. आणि २०२३ साली इथून आल्यागेल्या मालाची किंमत ३०० अब्ज डॉलरांच्या वर! एकट्या उत्तरेकडे येणाऱ्या ट्रकची संख्याच वर्षाला ३० लाखांच्या घरात. २००० साली उघडलेला एक पूल तर फक्त मालट्रकसाठी आहे. तिथे मोटारीला किंवा पादचाऱ्याला प्रवेशच नाही. माल नुसता सरळ निघून गेला, तर या गावाला त्यातून काय मिळणार? तो इथे थांबतो, उतरतो, मोजला जातो, पुन्हा चढतो, त्यावर लरेडोची चूल पेटते.

माणसांच्या वाट्याला येणारं थांबणं मात्र निराळं. सीमा ओलांडताना पासपोर्ट दाखवावा लागतो, हे कुणालाही कळेल. पण लरेडोच्या माणसाला सॅन अँटोनियोला, म्हणजे आपल्याच राज्यातल्या शेजारच्या मोठ्या शहरात जायचं असलं तरी हायवेवर २९ मैलांवर दुसरा नाका लागतो. गाड्यांचा वेग उतरतो, हिरव्या गणवेशातला जवान खिडकीशी वाकून विचारतो, अमेरिकन नागरिक आहात का? देशाच्या आतल्या अशा नाक्यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच मान्यता दिली. म्हणजे एक नाका पुलावर, दुसरा हायवेवर, आणि ज्यांच्याकडे धड कागद नाहीत त्यांची सारी हयात या दोहोंमधल्या पट्टीत. पोराला सॅन अँटोनियोच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं असेल, तरी आधी त्या खिडकीचा विचार करावा लागतो. व्यापाराच्या अब्जावधींचे आकडे सांगताना हे विसरू नये, असं मला वाटतं.

हे गाव सीमेवर वसवलेलं नाही. सीमाच त्याच्या मधून आली. १७५५ मध्ये स्पॅनिश अमलाखाली ते रिओ ग्रांदे नदीच्या उत्तर काठावर उभं राहिलं. १८४० साली तर रिओ ग्रांदे नावाच्या एका अल्पायुषी प्रजासत्ताकाची राजधानी होऊन बसलं. वर्षही पुरं न झालेल्या त्या राज्याचा झेंडा इथे अजून मिरवतात. १८४८ च्या तहाने नदी हीच हद्द ठरली. ज्यांना मेक्सिकन राहायचं होतं त्यांनी दक्षिण काठावर न्वेवो, म्हणजे नवं, लरेडो वसवलं. जाताना त्यांनी पूर्वजांची हाडंही उकरून नेली, असं दोन्हीकडे सांगतात. खरं असो वा दंतकथा, सांगणाऱ्याचा आवाज मात्र खरा असतो.

आणि आता खरी नवलाई. शंभरातली पंचाण्णव माणसं हिस्पॅनिक वंशाची असलेल्या या गावाचा सर्वात मोठा सण कोणता? जॉर्ज वॉशिंग्टनचा वाढदिवस! वॉशिंग्टन इथे कधी आला नव्हता. तो १७९९ मध्ये वारला तेव्हा लरेडोवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. तरी १८९८ पासून, ‘रेड मेन’ नावाच्या एका बंधुसंघाच्या पुढाकाराने, हा उत्सव चालत आलाय आणि आता तो फेब्रुवारीत आठवडेच्या आठवडे रंगतो. जुन्या घराण्यांतल्या तरुण मुली वॉशिंग्टनच्या काळातल्या दरबारी स्त्रियांची सोंगं घेतात. मणी आणि जर ओवलेले ते झगे तीस-चाळीस किलोपर्यंत भरतात, शिवायला वर्षभर लागतं. मिरवणुकीत सोळा-सतराव्या शतकातली पोकाहोंटास घोड्यावरून जाते. इतिहासाची ही खिचडी पाहून नाक मुरडणारे असतील, मला तरी ती मनापासून आवडते. याच उत्सवात एका सकाळी पुलाच्या मध्यावर दोन्ही देशांची मुलं समोरासमोर चालत येतात आणि एकमेकांना मिठी मारतात. बाकी दिवशी त्याच पुलावर रांगा, चलनाचे भाव आणि वैताग.

कारण पुलावर फक्त माणसं नसतात, पेसोही असतो. १९७६, १९८२, १९९४: मेक्सिकन चलन कोसळलं त्या-त्या वेळी लरेडोच्या बाजारपेठेला धाप लागली, कारण गिऱ्हाईक पलीकडचं. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे ‘अनावश्यक’ प्रवास बंद झाला आणि पुढचे वीस महिने मेक्सिकन खरेदीदार पूल चढू शकला नाही. ट्रक मात्र चालू होते. उलट दिशेने, टोळ्यांच्या हिंसाचाराच्या भीतीने, पलीकडे जेवायला जाणारे लरेडोकर आधीच कमी झाले होते.

नदीकाठी आणखी एक पहारा आहे, त्याची माहिती फार थोड्यांना असते. घोड्यावर बसलेले सरकारी लोक झाडीतून फिरतात आणि शोधतात भरकटलेली गुरं. गुरांना जीवघेणा ताप देणाऱ्या गोचिडीविरुद्ध १९०६ पासून मोहीम सुरू आहे; गोचीड मेक्सिकोतून परत येऊ नये म्हणून हा पहारा. १९४३ पर्यंत बाकी अमेरिका गोचीडमुक्त झाली, नदीलगतचा हा लांबच लांब पट्टा मात्र अजून विलगीकरणात. नदी पोहून आलेल्या गाईकडे कागद नसतात, तेव्हा तिचीही झडती होते, औषधाच्या हौदात बुडवूनसुद्धा.

सकाळी लरेडोत गव्हाच्या टॉर्टियात अंडं-बटाटा गुंडाळून मिळतो. बाकी टेक्सस त्याला ब्रेकफास्ट टाको म्हणतं, इथे तो ‘मारियाची’. तो खात मंडळी बेसबॉलच्या गप्पा मारतात, कारण दोन्ही गावांचा मिळून एकच व्यावसायिक संघ आहे: तेकोलोतेस, म्हणजे घुबडं. मेक्सिकन लीगमध्ये खेळणारा हा संघ आपले घरचे सामने कधी न्वेवो लरेडोत खेळतो, कधी लरेडोत. त्यामुळे त्यातल्या मेक्सिकन खेळाडूंना स्वतःच्या घरच्या मैदानावर उतरण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा काढावा लागतो.