आग्रा? तो तर चौकजवळ!

माहीत आहे का? ‘जोधा अकबर’ सिनेमातला आग्र्याचा किल्ला यमुनेकाठी नाही, आपल्या रायगड जिल्ह्यात उभा राहिला! कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी 2005 मध्ये चौक-कर्जत पट्ट्यात एनडी स्टुडिओ थाटला आणि मुघल दरबाराचं झालं शिफ्टिंग.

गंमत ऐका. तालुका खालापूर, पण जगभर नाव ‘कर्जतचा स्टुडिओ’. खालापूरकर, क्रेडिट मागा!

आणि चौक म्हणजे कुणाचं गाव? मराठ्यांच्या सरनोबत नेताजी पालकरांचं. त्यांच्या शेजारी दिल्लीश्वराचा दरबार, म्हणजे कमालच!

आता मेन पॉइंट. या सेटवरची खरी पॉलिटिशियन कोण? जोधा! राजकीय तहात दिलेली मुलगी, पण लग्नाआधी बादशहालाच दोन अटी घालते: धर्म बदलणार नाही, आणि महालात माझ्या देवाचं मंदिर हवं. तहातलं कलम म्हणून पाठवलेली बाई स्वतःच कलमं टाकते. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांचा हा सीन मला तलवारबाजीहूनही धारदार वाटतो. (तलवारही चालवते ती, थेट अकबराशी!)

2008 मध्ये सिनेमा आला आणि वाद पेटला. तिच्या अटींवरून? छे, नावावरून! अकबराच्या राणीचं नाव जोधा नव्हतंच, असा राजपूत संघटनांचा आक्षेप. राजस्थानातल्या थिएटरांनी सिनेमा लावलाच नाही.

याच सिनेमातली इला अरुणची माहम अनगा आठवते? ती काही पटकथेची करामत नाही. अकबराच्या या दाईचा सुरुवातीच्या वर्षांत दरबारात खराखुरा दबदबा होता.

स्टुडिओ थाटणाऱ्या याच नितीन देसाईंनी 2011 मध्ये ‘बालगंधर्व’ सिनेमाची निर्मिती केली. बालगंधर्वांच्या भूमिकेत पडद्यावर शालू नेसून मिरवला सुबोध भावे, आणि मेकअप, वेशभूषा, गायन असे तीन राष्ट्रीय पुरस्कार खिशात!

पण माझी फेव्हरिट नायिका राजवाड्यातली नाही, डोंगरातली. कर्जत-खालापुरात ठाकरवाड्या आहेतच. त्याच ठाकर समाजाची, शेजारच्या कर्नाळ्याच्या मुलखातली गोष्ट म्हणजे 1977 चा सिनेमा ‘जैत रे जैत’. कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शक जब्बार पटेल, गाणी ना. धों. महानोरांची (हेही एनडीच की!). स्मिता पाटीलची चिंधी न पटलेला नवरा सोडते आणि नाग्याला स्वतः निवडते. ना दरबार, ना तह, ना कुणाची परवानगी. जोधाच्या तीसेक वर्षं आधी!

आणि या चिंधीमागे पैसा कुणी लावला, माहीत आहे का? निर्मात्या होत्या उषा मंगेशकर!