मारियोला शेपूट कुठून आलं?

मुलांनो, व्हिडिओ गेममधला मारियो तुमच्या ओळखीचा आहेच. निन्टेन्डोच्या १९८८ सालच्या ‘सुपर मारियो ब्रदर्स ३’ मध्ये त्याला एक पान मिळतं आणि काय गंमत, लगेच कान नि शेपूट फुटतं! पानाचा आणि शेपटाचा काय हो संबंध?

जपानी मुलांना हे कोडं पडलंच नाही. त्यांच्या लोककथांत तानुकी असतो. तसा हा कोल्ह्याच्या कुळातला खरा प्राणी. पण गोष्टीतला तानुकी डोक्यावर पान ठेवून हवं ते रूप घेतो. ‘बुनबुकु चागामा’ या गोष्टीत एक गरीब माणूस त्याला फासातून सोडवतो. उपकार फेडायला तानुकी होतो चहाची किटली! ती मठात विकली जाते. भिक्षू ती चुलीवर ठेवतात, तोच “भाजलं, भाजलं!” करत किटलीला पाय फुटतात. पुढे ही अर्धी किटली दोरीवर कसरती करते आणि त्या माणसाला पैसा मिळवून देते.

इतर देशांतल्या मुलांनी तो खेळ खूप खेळला, पण ही गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलीच नाही. माझ्या मते त्यांची अर्धी मजा हुकली.

तानुकीचा पूर्ण पोशाख घातला, की मारियो दगडी मूर्तीही होतो. ती जिझोची, बरं का! जपानमध्ये रस्त्याकडेला उभा असणारा हा वाटसरूंचा आणि लहान मुलांचा रखवालदार. आता सांगा पाहू, मूर्ती झालेल्या मारियोला शत्रू काहीच का करू शकत नाहीत?